स्विंगला साजेसा ड्रायव्हर : एका जुळवाजुळवीचा इतिहास

ड्रायव्हर हा गोल्फच्या थैलीतला सर्वांत लांब दांड्याचा आणि सर्वांत मोठ्या डोक्याचा क्लब. लांब पल्ल्याच्या होलवर टीवरून, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, पहिला फटका बहुधा यानेच मारला जातो. डोके आणि चेंडू एकमेकांना भिडून असतात तो काळ सेकंदाचा जेमतेम दोनहजारावा भाग असतो. तेवढ्यात डोक्याचा वेग काय होता, ते वर चढत होते की खाली उतरत होते आणि फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, कुठे रोखलेली होती यावर चेंडूचा पुढचा सगळा प्रवास ठरतो. या गोष्टी प्रत्येकाच्या स्विंगमध्ये वेगळ्या असतात. त्यामुळे एकाच्या हातात सरळ जाणारा ड्रायव्हर दुसऱ्याच्या हातात चेंडू थेट झाडीत पाठवतो. खेळाडूला क्लब जुळवून देण्याचे काम आज रडार आणि संगणक लावून होते, म्हणून ते अगदी अलीकडचे वाटते. प्रत्यक्षात ते फार जुने आहे. विसाव्या शतकातल्या कारखानदारीच्या काळात ते मागे पडले होते, एवढेच.

स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली, कारण लोक खेळात रमून धनुर्विद्येचा सराव टाळू लागले होते. पुढे याच खेळाची हत्यारे धनुष्य करणाऱ्यांच्याच हातून घडली. राजा चौथा जेम्स याने १५०२ मध्ये पर्थ येथील एका धनुष्यकाराकडून क्लब विकत घेतले. सहाव्या जेम्सने १६०३ मध्ये विल्यम मेन या एडिनबरोच्या धनुष्यकाराला राजाचा क्लबकार म्हणून नेमले. हे स्वाभाविक होते. कोणते लाकूड किती वाकते, वाकून किती जोराने परत येते आणि कुठे तडकते हे ओळखणारा माणूस धनुष्यकारच. क्लबाच्या दांड्यालाही नेमकी हीच परीक्षा द्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट अँड्र्यूज गावी ह्यू फिल्प याच्या हातचे क्लब सर्वांत नावाजलेले होते. गावातल्या गोल्फमंडळाने १८१९ मध्ये त्याची अधिकृत क्लबकार म्हणून नेमणूक केली. त्या काळच्या ड्रायव्हरला प्ले क्लब म्हणत. त्याचे डोके लांबट, चिंचोळे आणि पुढे निमुळते असे. ते सफरचंद, नासपती, बीच किंवा काटेरी झुडपांच्या चिवट लाकडातून कोरत. डोक्याच्या मागच्या अंगाला खाच पाडून तीत वितळलेले शिसे ओतत, म्हणजे फटक्याला वजन येई. तळाची पुढची कड जमिनीवर घासून झिजू नये म्हणून तिथे मेंढ्याच्या शिंगाची पट्टी लाकडी खुंट्यांनी बसवत. डोक्याची मान आणि दांड्याचे टोक दोन्ही तिरपे तासून एकमेकांवर बसवायचे, सरसाने चिकटवायचे आणि वर डांबरी दोरा घट्ट गुंडाळायचा. सांध्याचा उतार लांब असल्यामुळे फटक्याचा हादरा एका जागी साठत नसे. दांडा आधी अ‍ॅशच्या किंवा हेझलच्या लाकडाचा असे. पुढे अमेरिकेतून हिकरी येऊ लागली आणि तिने बाकीची लाकडे मागे टाकली.

असा क्लब एकेक करून घडवला जाई, त्यामुळे घेणाऱ्याचा हात आणि उंची लक्षात घेणे हा त्या कामाचाच भाग होता. दांड्याची लांबी, त्याची लवचीकता, मुठीवरच्या कातड्याची जाडी हे सारे गिऱ्हाइकागणिक बदलत असे. चेंडूही या रचनेला जबाबदार होता. उकडलेली पिसे कातडी पिशवीत ठासून भरून तो शिवत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चारच चेंडू तयार होत, म्हणून ते महाग असत. लोखंडी क्लबाच्या कडेने हे चेंडू सहज फाटत, म्हणून लाकडी क्लबांनी ते जमिनीलगत झाडल्यासारखे मारत. स्विंग आडवा, अंगाभोवती फिरणारा असे. दांडा आणि डोके यांच्यातला कोनही त्याला साजेसा पसरट ठेवलेला असे. क्लबाने स्विंग घडवला की स्विंगने क्लब, हे सांगणे कठीण. दोन्ही एकमेकांना धरून वाढले.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला आणि हे सगळे विस्कटले. मलायातल्या झाडांचा हा चीक पाण्यात गरम केला की मऊ होतो आणि थंड झाला की कडक. रॉबर्ट पॅटरसन या पाद्रीकडे पूर्वेकडून आलेली विष्णूची मूर्ती गटापर्चाच्या तुकड्यांत बांधलेली होती आणि त्या तुकड्यांतूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. नवा चेंडू स्वस्त होता, पावसात फुगत नव्हता, चेपला तर पुन्हा गरम करून वळता येत होता. पिसांचे चेंडू करणारा अ‍ॅलन रॉबर्टसन आणि त्याच्या हाताखाली काम केलेला टॉम मॉरिस यांचे याच चेंडूवरून बिनसले.

क्लबकारांपुढे प्रश्न वेगळा होता. गटापर्चा दगडासारखा टणक, त्याच्या ठोक्याने लांबट चिंचोळी डोकी तडकू लागली. फिल्पच्या पश्चात त्याचे दुकान चालवणारा त्याचा भाचा रॉबर्ट फॉर्गन आणि त्याच्या समकालीनांनी डोके आखूड, रुंद आणि जाड केले. फेसमध्ये चामड्याचा तुकडा बसवून ठोका मऊ करण्याचा उपायही रूढ झाला. १८८० च्या दशकात बल्जर नावाचा ड्रायव्हर आला. त्याचा फेस सपाट नव्हता, आडव्या दिशेने किंचित फुगीर होता. तो आपणच काढला असा दावा विली पार्क धाकटा आणि हेन्री लँब या दोघांकडूनही झाला.

ही फुगीर बाजू आजच्या प्रत्येक ड्रायव्हरवर असते आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. चेंडू फेसच्या टोकाकडे लागला की डोके उभ्या आसाभोवती वळते आणि चेंडूला दातेरी चाकाप्रमाणे उलट दिशेची फिरकी देते. उजव्या हाताच्या खेळाडूचा असा चेंडू डावीकडे वळत जातो. फेस फुगीर असेल तर टोकाकडून सुटणारा चेंडू मुळातच थोडा उजवीकडे निघतो आणि मग वळून मैदानाच्या मध्याकडे येतो. टाचेकडचा, म्हणजे दांड्याजवळचा, फटका याच्या उलट. शास्त्रीय मांडणी पुढे फार उशिरा झाली, पण कारागिरांनी उपाय आधीच शोधून ठेवला होता.

शतक संपता संपता चेंडू पुन्हा बदलला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोबर्न हॅस्केल याने ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडू केला आणि १८९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सँडी हर्डने १९०२ ची ब्रिटिश ओपन या चेंडूवर जिंकल्यावर गटापर्चाचे दिवस भरले. याच सुमारास डोक्यासाठी पर्सिमन हे अमेरिकी लाकूड रूढ झाले. महाराष्ट्राच्या रानात विडीच्या पानांसाठी ओळखली जाणारी टेंभुर्णी आणि काळे अबनूस ज्या प्रजातीतले, त्याच प्रजातीतले हे झाड. लाकूड घट्ट आणि ठोका सोसणारे. बुटांचे लाकडी साचे करायलाही ते वापरत. ओहायोतल्या डेटन शहरात असे साचे करणाऱ्या क्रॉफर्ड, मॅकग्रेगर अँड कॅनबी या कारखान्याने १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच तंत्राने गोल्फची डोकी कातायला सुरुवात केली. एका नमुन्यावरून हुबेहूब दुसरे डोके काढणारे यंत्र त्यांच्याकडे होतेच. तिरप्या सांध्याऐवजी मानेत भोक पाडून दांडा आत बसवण्याची पद्धतही याच काळात रुळली. यामुळे डोकी एकसारखी झाली आणि क्लब स्वस्त झाले.

दांडा मात्र अजून लाकडाचाच होता, आणि हिकरीचे दोन दांडे कधी एकसारखे नसत. हिकरी वाकते तशीच पिळवटतेही. जोराने फिरवलेल्या क्लबाचे डोके हाताच्या मागे राहते आणि फेस उघडा पडतो, म्हणून हिकरी वापरणाऱ्याला फटक्याचा ताल सांभाळावा लागे. दुकानात दांडे हातात घेऊन, वाकवून, फिरवून पाहायचे. मनाजोगता मिळाला तर घ्यायचा आणि कडक वाटला तर कानशीने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडून बारीक करून घ्यायचा. चांगला ड्रायव्हर सापडला की तो वर्षानुवर्षे जपला जाई. बॉबी जोन्सच्या ड्रायव्हरला 'जीनी डीन्स' असे नाव होते आणि तो १९०४ च्या ओपनचा विजेता जॅक व्हाइट याने केलेला होता. जोन्सने १९३० साली एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्या क्लबांनी. पुढे त्याचे क्लब तपासले तेव्हा एक वगळता सगळे एकाच मापात बसले आणि जो बसला नाही त्याच्याशीच त्याचे कधी जमले नव्हते, असे सांगतात. एखाद्या कसलेल्या हाताची पारख किती सूक्ष्म असू शकते याचा हा दाखला आहे.

पोलादी नळीच्या दांड्याला अमेरिकी गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये मान्यता दिली. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने आणखी पाच वर्षे घेतली. प्रिन्स ऑफ वेल्सने तिथल्या जुन्या मैदानावर पोलादी क्लब वापरल्यावर १९२९ मध्ये परवानगी देण्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे म्हणतात. बिली बर्कने १९३१ ची यूएस ओपन पोलादी दांड्यांनी जिंकली. पोलाद पिळवटत नाही, त्यामुळे खेळाडूला अंगातली सगळी ताकद फटक्यात ओतता येऊ लागली आणि स्विंगच बदलला. मनगटांचा खेळ कमी झाला, पाय आणि कंबर यांचे काम वाढले.

पोलादाने क्लब मोजण्याजोगाही केला. रॉबर्ट अ‍ॅडम्स या अमेरिकी क्लबकाराने १९२० च्या दशकात स्विंगवेट मोजण्याचा तराजू तयार केला. मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर क्लब टेकवला असता डोक्याकडचा भार किती जाणवतो हे त्यावर कळते. सी आणि डी या अक्षरांनी आणि आकड्यांनी ते माप लिहितात; पुरुषांच्या ड्रायव्हरसाठी डी-० ते डी-३ हा नेहमीचा पल्ला झाला. वजन न वाढवता डोके जड 'वाटणे' किंवा हलके 'वाटणे' ही हाताची भावना त्यामुळे कागदावर मांडता आली. दांड्याच्या कडकपणासाठीही अक्षरे ठरली : एल, ए, आर, एस, एक्स. ही अक्षरे सर्व कारखान्यांना बांधील अशा कोणत्याही प्रमाणाला जोडलेली नाहीत. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आरइतका मऊ निघू शकतो आणि आजही गिऱ्हाईक नुसते अक्षर पाहून दांडा घेतो तेव्हा फसते.

कडकपणा जुळला तर काय होते, हे सॅम स्नीडच्या बाबतीत सर्वांना दिसले. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला हा तरुण चेंडू लांब मारी, पण तो डावीकडे जोरात वळत जाई. त्याच्या ड्रायव्हरचा दांडा त्याच्या वेगापुढे फार लवचीक होता. १९३७ च्या सुरुवातीला हेन्री पिकार्ड या सहखेळाडूने त्याला जॉर्ज इझेट या क्लबकाराने केलेला एक ड्रायव्हर साडेपाच डॉलरांना दिला. त्याचा दांडा कडक होता आणि लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, कमी. चेंडू सरळ जाऊ लागला. त्याच हिवाळ्यात स्नीडने ओकलंड ओपन जिंकली आणि तो ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षे, डागडुजी करत, वापरत राहिला. स्विंग तोच होता. बदलला तो दांडा.

पण पिकार्डसारखा मित्र प्रत्येकाला भेटत नव्हता. कारखान्यांनी सरासरी उंचीचा, सरासरी ताकदीचा पुरुष डोळ्यांपुढे ठेवून ड्रायव्हर काढले आणि दुकानाच्या मांडणीवर ठेवले. लांबी ४३ इंचांच्या आसपास, लॉफ्ट दहा-अकरा अंश. स्त्रिया, ठेंगणे, उंच, वयस्क यांनी त्यात आपापली सोय पाहावी. एकविसाव्या शतकातल्या जाहिराती काहीही म्हणोत, साध्या खेळाडूसाठी हा काळ मागे नेणारा होता. फिल्पच्या गिऱ्हाइकाला जे सहज मिळत होते ते त्याच्या पणतवाला मिळत नव्हते. व्यावसायिकांची सोय मात्र झाली. पर्सिमनचा फेस कानशीने घासून कोन बदलता येई. तळाची पितळी पट्टी उघडून शिसे भरता किंवा काढता येई. जॅक निकलसने १९६३ मध्ये पीजीए स्पर्धेच्या लांब फटक्यांच्या चढाओढीत चेंडू ३४१ यार्ड मारला तो अशाच पर्सिमनच्या ड्रायव्हरने.

विज्ञानाची दखल घेण्याजोगी पहिली मोठी मांडणी १९६८ मध्ये झाली. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांच्या 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' या ग्रंथात गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनच्या आश्रयाने झालेल्या संशोधनाचे सार आहे. फटक्याच्या क्षणी चेंडू किती चपटा होतो, दांडा कसा वाकतो, डोक्याचे वजन वाढवल्याने वेग किती घटतो याची मोजमापे त्यात आली. बायरन नेल्सन या खेळाडूच्या स्विंगवरून बेतलेले 'आयर्न बायरन' हे फटका मारणारे यंत्रही याच काळातले. दरवेळी एकसारखाच फटका मारत असल्याने बदललेल्या क्लबाचा परिणाम त्यावर निखळ दिसू लागला. फ्रँक थॉमस याने १९६९ मध्ये शेक्सपियर कंपनीत ग्रॅफाइटचा दांडा तयार केला. पोलादी दांडा सव्वाशे ग्रॅमच्या घरात, तर आजचा ग्रॅफाइट दांडा ५० ते ७० ग्रॅमच्या आसपास असतो. सुरुवातीचे ग्रॅफाइट दांडे फार पिळवटत, त्यामुळे लोकांचा विश्वास बसायला वीसएक वर्षे गेली. एकदा तो दोष दूर झाल्यावर वजन, कडकपणा आणि कुठे वाकायचे हे तिन्ही वेगवेगळे ठरवणे शक्य झाले. लाकडात आणि पोलादात हे जमले नव्हते.

डोक्याच्या क्रांतीला गॅरी अ‍ॅडम्स कारण झाला. घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर त्याने १९७९ मध्ये टेलरमेड ही कंपनी सुरू केली आणि ओतीव पोलादाचे पोकळ डोके असलेला ड्रायव्हर बाजारात आणला. पोकळ डोक्यात वजन कडांना सरकते. चेंडू मध्यावर लागला नाही तरी डोके कमी वळते. रॉन स्ट्रेकने १९८१ मध्ये ह्यूस्टन ओपन या क्लबाने जिंकली. लाकूड तरीही लगेच गेले नाही. बर्नहार्ड लँगरने १९९३ ची मास्टर्स पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली. मोठ्या स्पर्धेतला तो लाकडाचा शेवटचा विजय ठरला. कॅलवे कंपनीचा बिग बर्था १९९१ मध्ये आला, तेव्हा १९० घनसेंटिमीटरचे त्याचे डोके अवाढव्य वाटले होते. १९९५ मध्ये त्याच कंपनीने टायटॅनियमचे आणखी मोठे डोके आणले. टायटॅनियम हलके आणि मजबूत, म्हणून त्याच वजनात डोके कितीतरी फुगवता येते आणि फेस इतका पातळ करता येतो की तो चेंडूबरोबर दबून परत उसळतो.

इथे नियम करणाऱ्या संस्था पुढे सरसावल्या. अमेरिकी संघटनेने १९९८ मध्ये फेसच्या उसळीच्या गुणांकावर ०.८३ ही मर्यादा घातली. काही वर्षे या संघटनेचे आणि रॉयल अँड एन्शंट क्लबचे नियम जुळत नव्हते, त्यामुळे एकच ड्रायव्हर अमेरिकेत बेकायदा आणि ब्रिटनमध्ये चालणारा अशी स्थिती होती. २००४ पासून उसळ लोलकाच्या साध्या यंत्राने मोजतात. पोलादी गोळा फेसला चिकटून राहण्याचा काळ सूट धरून २५७ मायक्रोसेकंदांपुढे जाता कामा नये. डोक्याचा आकार ४६० घनसेंटिमीटर आणि लांबी ४८ इंच अशाही मर्यादा आल्या. व्यावसायिक स्पर्धांसाठी लांबी ४६ इंचांवर आणण्याची मुभा २०२२ मध्ये मिळाली.

या बंधनांचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. बहुतेक नामांकित कंपन्यांचे ड्रायव्हर या मर्यादांना टेकले. मध्यावर लागलेल्या चेंडूला एक कंपनी दुसरीपेक्षा फार जास्त वेग देऊ शकत नाही. मग फरक पाडायला उरले ते क्लब त्या खेळाडूला कितपत जुळतो, एवढेच. २००४ मध्ये स्क्रूने हलवता येणारी वजने आली. २००८ पासून दांडा आणि डोके यांच्यातली जोडणी फिरवून लॉफ्ट बदलण्यालाही नियमांनी वाव दिला. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या कंपन्यांचे रडार सराव मैदानांवर दिसू लागले आणि चेंडूचा वेग, सुटण्याचा कोन, फिरकी हे सारे आकडे फटक्यागणिक मिळू लागले.

या आकड्यांनी जुन्या समजुतींना धक्का दिला. चेंडू डोक्याच्या प्रवासाच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. प्रत्यक्षात चेंडू मुख्यतः फेस जिकडे पाहतो तिकडे सुटतो. वळण फेस आणि मार्ग यांच्यातल्या तफावतीमुळे येते. 'खरा खेळाडू कमी लॉफ्टच वापरतो' ही समजूतही अशीच कोसळली. अमेरिकी दौऱ्यावरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या, पुरुषांच्या क्लबाच्या डोक्याचा वेग सरासरी ताशी ११३ मैलांच्या आसपास मोजला गेला, त्यांचे डोके चेंडूला भिडताना किंचित खाली उतरत असते आणि चेंडू सुमारे ११ अंशांत सुटतो. स्त्री व्यावसायिकांचा वेग ९४ मैलांच्या आसपास. पण त्या डोके सुमारे तीन अंश वर चढताना चेंडू गाठतात आणि त्यांचा चेंडू १३ अंशांत सुटतो. कमी वेगाच्या चेंडूला हवेत तरंगत राहायला जास्त उंच सुटावे लागते. सामान्य हौशी खेळाडूचा वेग दौऱ्यावरच्या पुरुषांपेक्षा या स्त्रियांच्या जवळचा असतो, म्हणून त्याला नऊ अंशांपेक्षा अकरा-बारा अंशांचा ड्रायव्हर बहुतेकदा जास्त अंतर देतो.

जुळवणीची आजची रीत अशी. आधी खेळाडूच्या नेहमीच्या ड्रायव्हरचे फटके मोजतात आणि फेसवर भुकटीचा फवारा मारून चेंडू कुठे लागतो ते पाहतात. ठसे विखुरलेले असतील तर लांबी कमी करून पाहतात. दुकानातला ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंचांचा असतो. अर्धा-एक इंच कमी केला की ठसे मध्याकडे गोळा होतात आणि नाममात्र वेग गमावूनही चेंडू लांब जातो. त्यानंतर लॉफ्ट. फेसच्या वरच्या अंगाला लागलेला चेंडू उंच आणि कमी फिरकीने सुटतो, खालच्या अंगाला लागलेला जास्त फिरकीने. म्हणून टीची उंची न पाहता लॉफ्ट बदलणे व्यर्थ. दांड्यात वजन आधी, कडकपणा नंतर. वरून खाली येताना जो झटका देतो त्याला जड आणि कडक दांडा मानवतो, संथपणे वेग गोळा करणाऱ्याला हलका आणि मऊ. दोघांचा अंतिम वेग सारखा असला तरी हा फरक राहतो. नुसत्या वेगाच्या तक्त्यावरून कडकपणा ठरवणे म्हणूनच अपुरे. चेंडू सतत उजवीकडे वळत असेल तर वजन टाचेकडे सरकवतात, म्हणजे फेस लवकर बंद होतो. जोडणी फिरवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते : लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवलेल्या क्लबाचा फेस थोडा डावीकडे वळतो आणि कमी केला की उजवीकडे. म्हणून असा प्रत्येक बदल केल्यावर दहा-बारा चेंडू पुन्हा मारून आकडे ताडून पाहतात आणि मगच स्क्रू घट्ट करतात.